सहलीचा घाट

आमच्या दाजींनी आजवर जितक्या सहली रद्द केल्या, तितक्या लातूर जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांनी मिळून काढल्याही नसतील. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. अक्का माझ्याहून बरीच मोठी. ती लग्न होऊन लातूरला गेली तेव्हा मी नांदेडला प्राथमिक शाळेत होते. मांडवात दाजींनी मला 'धाकलीबाई' म्हणून हाक मारली. आज मी कॉलेजात शिकवते, केसांत पांढरं दिसायला लागलंय, तरी ती हाक काही बदललेली नाही. होळी झाली, लातूरची हवा तव्यासारखी तापायला लागली, की दाजींचा फोन यायचा, "धाकलीबाई, औंदा तुमच्या अक्काला थंड हवेच्या ठिकाणी नेणार. बिल्कुल पक्कं." मग महिनाभर ते कुणालाही सोडत नसत. महाबळेश्वर बरं की माथेरान, स्ट्रॉबेरी कधी संपते, घोड्यावर बसताना पाय आधी कुठला टाकायचा, याची चौकशी ते पोस्टमनपासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांकडे करत. डॉक्टरकडे तर तोंडात यंत्र असताना. अक्का बॅग भरायची. आणि निघायच्या आदल्या दिवशी काहीतरी व्हायचंच. एकदा ग्रामसभा निघाली. एकदा निवडणूक लागली. एकदा चुलतभावाच्या मेहुण्याचं लग्न आलं, ज्या मेहुण्याला दाजींनी तोवर पाहिलेलंही नव्हतं. एका वर्षी काहीच सापडेना, तेव्हा शेजाऱ्यांची म्हैस व्यायला झाली. "पहिलटकरीण हाय. सोडून कसं जावं?" दाजी गंभीरपणे म्हणाले. म्हैस शेजाऱ्यांची, गोठा शेजाऱ्यांचा, पण रात्रभर कंदील धरून उभे राहिले ते दाजी. तिला रेडकू झालं, दाजींनी गल्लीत खरवस वाटला, आणि अक्कानं बॅग रिकामी केली.

त्या बॅगेत दरवर्षी सगळ्यात खाली एक मरून रंगाचा स्वेटर असायचा. लग्नाच्या पहिल्याच हिवाळ्यात दाजींनी तो रस्त्यावर स्वेटर विकणाऱ्या नेपाळ्यांकडून आणला होता, खास थंड हवेच्या ठिकाणासाठी. लातूरच्या थंडीला तो फार जाड. त्यामुळे तो कधी अंगात गेलाच नाही. दर उन्हाळ्यात त्याला ऊन दाखवायचं, डांबरगोळ्या बदलायच्या, बॅगेत ठेवायचा, बॅगेतून काढायचा आणि परत कपाटात. आमच्या घरात एवढ्या वेळा सामानात बांधलेला दुसरा कपडा नसेल.

दाजी नोकरीला होते ग्रामसेवक म्हणून. जळकोट, चाकूर, रेणापूर असे तालुके फिरले. या नोकरीनं त्यांना एक सवय लावली, ती म्हणजे जगात कुठंही गेलं तरी तिथं 'आपला माणूस' असतो, असं धरून चालणं. आणि गंमत म्हणजे तो असायचा. नागपूरला दीक्षाभूमीवर आम्ही सगळे त्या लाखोंच्या गर्दीत चुकामूक होऊ नये म्हणून एकमेकांचे हात घट्ट धरून चालत होतो. दाजी मात्र मधेच हात सोडवून गेले आणि परत आले ते रेणापूरच्या एका निवृत्त तलाठ्याला घेऊन. "जयभीम घाला, आपला माणूस हाय," म्हणत त्याची आम्हा सगळ्यांशी ओळख करून दिली आणि त्याच्या घरच्या भाकरी खाऊनच आम्ही पुढं सरकलो. हैदराबादला माझ्या डोळ्यांच्या तपासणीला सोबत आले, तर तिथला लिफ्टमन उदगीरकडचा निघाला. दाजींनी त्याच्याशी निम्मं मराठी, निम्मं दखनी बोलत पाच मजले वर-खाली केले आणि मी एकटीच तपासून घेतलं. म्हणजे प्रवासाचा त्यांना कंटाळा होता असं मुळीच नाही. नागपूर, हैदराबाद, परभणी, सोलापूर, सपाट मुलखात त्यांना कुणी अडवू शकत नसे. हे 'सपाट' मला फार उशिरा लक्षात आलं.

दुसरी गोष्ट पाण्याची. लातूरच्या माणसाला पाण्याबद्दल काय वाटतं ते नांदेडच्या माणसाला कळणार नाही, असं दाजींचं ठाम मत. आमच्या गावाला गोदावरी, त्यांच्याकडे नळ आला की गल्लीत सण. आमच्या घरी आले की दाजी आधी चहा घेत नसत, आधी सगळ्या खोल्यांतले नळ बघत. त्यांच्या शबनममध्ये एक छोटा पाना आणि रबरी वायसरांची पुडी कायम असे. एखादा नळ ठिपकत असला की तो उघडून, वायसर बदलून, घट्ट बसवून, त्याच्याकडे थोडा वेळ मान तिरकी करून बघत. थेंब पडला नाही, की मगच, "हां, आता टाका चहा." माझ्या सासूबाईंना सुरुवातीला वाटलं, पाहुणे प्लंबिंगचं काम करतात.

अशा माणसावर कुणी राग धरू शकेल का? पण मी धरला होता. झालं असं, की एका उन्हाळ्यात मी लातूरला गेले असताना गच्चीवर अक्का कुरडया घालत होती. मी सहज म्हटलं, "अक्का, यंदा पण रद्द झालं का गं?" ती साच्यातून कुरडई पाडत राहिली. मग खाली बघतच म्हणाली, "मी सातवी शिकलेली. त्यांच्याबरोबरच्या सायबांच्या बायका मास्तरणी. तिथं हाटेलं असत्यात, चारचौघं असत्यात. मला घिऊन जायला जड जात असंल त्यांना. तोंडानं बोलत न्हाईत, पण माणसाला समजतंय की." त्यात तक्रार नव्हती. उन्हात कुरडई वाळते तसं ते तिच्यात कधीचंच वाळून गेलं होतं. मी साच्यात चीक भरून दिला. पण त्या दिवसापासून दाजींचा 'बिल्कुल पक्कं' असा फोन आला, की माझ्या कपाळावर आठी यायला लागली.

पुढं दाजी निवृत्त झाले. ग्रामसभा संपल्या, निवडणुका संपल्या, शेजाऱ्यांनी म्हैस विकली. कारणं कमी पडायला लागली तशी दाजींनी सहलीची घोषणाच बंद करून टाकली. त्यानंतरच्या हिवाळ्यात अक्काचं ऑपरेशन झालं. पोटाचं होतं, तसं मोठं. ते नीट पार पडलं, पण तिला बाहेर आणलं तेव्हा त्या थंडगार खोलीतून ती कुडकुडतच आली. भूल अर्धवट उतरलेली, डोळे मिटलेले. दाजी स्ट्रेचरला धरून चालत होते. अक्का पुटपुटली, "लई गार लागून राहिलं... आलं वाटतं महाबळेश्वर... अवं, माजा स्वेटर काढा."

आम्ही सगळे हसलो, नर्सही हसली. दाजी हसले नाहीत. ते तिथून जे गेले ते बऱ्याच वेळानं आले, डोळे पुसून, आणि वॉर्डातल्या बेसिनचा नळ दुरुस्त करायला लागले. तो ठिपकतही नव्हता.

अक्का बरी झाली, डॉक्टरांनी हिंडाफिरायची मोकळीक दिली, तेव्हा मीच फोन केला. म्हटलं, "दाजी, श्रावणात चिखलदऱ्याला जायचं. नांदेडहून महाबळेश्वरापेक्षा जवळ पडतं. गाडी माझी, मी चालवणार, खोल्या सांगून ठेवल्यात. आता म्हैस व्याली तरी गाडी निघणार." एरवी दाजी पलीकडून अर्धा तास बोलायचे. आज एवढंच म्हणाले, "घाट मोठा हाय का वो तिथं?"

"छोटाच आहे."

"हाव मग. जाऊ," ते म्हणाले. त्या आवाजात उत्साह नव्हता. फाशीची तारीख कळल्यावर माणूस जसा 'बरं' म्हणेल, तसा तो 'हाव' होता. मला मात्र वाटलं, बघा, अजूनही यांच्या जिवावर येतंय.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही नांदेडहून निघालो. मी, माझे यजमान, अक्का आणि दाजी. माझे यजमान गाडी सुरू झाली की झोपतात आणि थांबली की विचारतात, "आलं का?" त्यामुळे ते मागं. त्यांच्या शेजारी अक्का आणि तिच्या मांडीवर धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी. डिकीत दाजींचा पाण्याचा मोठा कॅन. चिखलदऱ्याला श्रावणात पाऊस कोसळत असतो, हे सांगूनही तो आला होता. "पाऊस हाय म्हंजी पाणी हाय, असं न्हाई," असं लातूरच्या अनुभवाचं सार सांगून दाजी माझ्या शेजारच्या सीटवर बसले आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक जिवाची वर्दी द्यायला लागले.

"कुत्रं." "टेम्पो." "म्हातारा, काठी घेतलेला." "म्हैस."

"दिसली, दाजी."

"तुमाला दिसली. पण तिला आपण दिसलो का?"

त्यांच्या पायाखाली ब्रेक नव्हता, तरी अर्धापूरच्या केळीच्या बागा संपेपर्यंत त्यांनी तो इतक्यांदा दाबला, की खालचं पायपुसणं गोळा होऊन बसलं. हिंगोलीला चहाला थांबलो. दाजी टपरीवाल्याला म्हणाले, "तुमी जळकोटचे का?" तो म्हणाला, "न्हाई बा. माझी सासुरवाडी आहे तिकडं." "मग झालं की! आपलाच माणूस," म्हणून दाजींनी त्याला धपाटा खाऊ घातला. वाशीमला पेट्रोल भरणारा, अकोल्याला जिथं जेवलो तिथला गल्ल्यावरचा माणूस, सगळे दाजींच्या दूरच्या ओळखीतले निघाले. एकाशी तर नातं जुळवताना इतकी मेहनत घ्यावी लागली, की तो बिचारा शेवटी हात जोडून म्हणाला, "असंल हो काका, असंल."

परतवाड्याला पोचलो आणि समोर सातपुड्याचा डोंगर दिसायला लागला. ढग त्याच्या अंगावर टेकलेले. अक्का काचेला नाक लावून बघत होती. तिनं स्वेटर काढून मांडीवर घेतला होता. तिथं शेवटचा चहा घ्यायला थांबलो. दाजींनी टपरीवाल्याला विचारलं, "घाट कसा हाय?"

"घाट काय, मस्त आहे न भाऊ," तो म्हणाला. "थोडे वळणं आहेत. मांगच्या महिन्यात दरड आलती, पण काढली लगेच."

दाजींच्या बशीतला चहा तसाच राहिला. ते उठले, टपरीच्या पाण्याच्या पिंपाची तोटी घट्ट केली, सैल केली, परत घट्ट केली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "धाकलीबाई, असं करू. तुमी समदे जाऊन या. मी ऱ्हातो हितंच. हितं आपला एक माणूस हाय."

"कोण?"

दाजींनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. रस्त्यावर पावसात भिजणाऱ्या दोन शेळ्या सोडल्या तर कुणी नव्हतं. शेवटी त्यांनी टपरीवाल्याकडे बोट केलं. "हे."

"हो, राहा न," टपरीवाला मोकळेपणानं म्हणाला.

एरवी मला हसू आवरलं नसतं. पण मी अक्काकडं पाहिलं. तिनं ऐकलं होतं. ती गाडीत जाऊन बसली, स्वेटरची घडी घातली आणि पिशवीत खाली सरकवून ठेवली. मी दाजींना म्हटलं, "दाजी, गाडीत बसा." कॉलेजात मागच्या बाकावर दंगा झाला की माझा जो आवाज लागतो, तो लागला होता. दाजी बसले.

घाट सुरू झाला. दोन्ही बाजूंनी साग, रस्त्यावरून पाण्याचे ओहोळ, आणि वळणावळणाला डावीकडे मोकळी होत जाणारी दरी. मी सावकाश चालवत होते. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की गाडीत फार शांतता आहे. समोर रस्त्याच्या मधोमध माकडांची अख्खी टोळी बसली होती, तरी वर्दी आली नव्हती. मी शेजारी पाहिलं. दाजींनी डोळे गच्च मिटले होते. दोन्ही हातांनी खिडकीच्या वरची मूठ धरली होती, कपाळावर घाम होता आणि ओठ हलत होते, "बुद्धं सरणं गच्छामि... धम्मं सरणं..." पुढच्या वळणावर गाडी जराशी डावीकडं झुकली, तसे ते ओरडले, "थांबवा! थांबवा म्हणतो ना!"

मी थांबवली. दाजी दार उघडून उतरले आणि डोंगराच्या कडेनं, भिंतीला धरून चालावं तसं ओल्या कातळाला एक हात लावत, वर चालायला लागले. छत्री नाही, काही नाही. "मी येतो चालत! तुमी व्हा फुडं!"

माझे यजमान जागे होऊन म्हणाले, "आलं का?" त्यांच्या हातात स्टिअरिंग देऊन मी खाली उतरले. अक्का माझ्या आधीच उतरली होती. ऑपरेशनपासून ती जपून, पावलं मोजत चालायची; पण त्या दिवशी साडीचा घोळ वर धरून ती अशी चालली, की मला तिला गाठायला धावावं लागलं. वळणावर तिनं दाजींना गाठलं आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"येवढी लाज वाटती का वो माझी?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, फुटला होता. "येवढ्या वर आल्यावर बी? चारचौघांत घिऊन जाण्याजोगी न्हाई का मी?"

 पाऊस दाजींच्या चष्म्यावरून गळत होता. "कसली लाज?" ते म्हणाले. "कुणाची लाज?"

"माझी. मी शिकलेली न्हाई म्हणून. म्हणून तर कवा न्हेलं न्हाई ना कुटं."

 दाजी तिथंच कडेच्या एका दगडावर बसले, दरीकडं पाठ करून, आणि तोंड ओंजळीत धरून बोलायला लागले.

"अगं, लग्न झालं त्या सालीच मी जाऊन आलतो," ते म्हणाले. "म्हणलं, आदी आपण बगून यावं. खोली बरी हाय का, जेवण कसं हाय, बाईमाणसाला न्यायजोगी जागा हाय का. तुला ट्रेनिंग म्हणून सांगितलं न् गेलो. वाईच्या फुडं घाट लागला. यष्टी वळली, खिडकीतून खाली बघतो तर रस्ताच न्हाई. नुसतं खोल. जीव असा गोळा झाला की काय सांगू. कंडक्टरला म्हणलं, उतरवा मला. उतरलो, न् समदा घाट ह्या अशा भिंतीला धरून चालत खाली आलो. खाली आल्यावर रडलो. खामखा न्हाई सांगत, खरंच रडलो. आता घरी येऊन काय सांगू? नवी बायकू. तिला म्हणू, तुजा नवरा खिडकीतून बगून भ्याला? दर साली म्हणायचो, औंदा जिगर करू. बॅग भरली की घाट दिसायचा डोळ्यापुढं. तुजी कसली लाज... तू हायस म्हणून तर आज हितवर आलो की गं."

माझ्या यजमानांनी गाडी मागून हळूहळू आणून थांबवली होती. वायपर फिरत होते. मी रस्त्याकडं बघत उभी राहिले, कारण त्या दोघांकडं बघायचं मला धाडस होईना. इतक्या वर्षांचा माझा राग त्या ओहोळातून कुठल्या कुठं वाहून गेला होता.

अक्कानं कपाळावर आलेले ओले केस मागं सारले. मग म्हणाली, "म्हंजी तुमी येकटेच जाऊन आलता महाबळेश्वरला?"

"आलतो कुठं, अर्ध्यातूनच..."

"मला सोडून?"

दाजींनी घाबरून वर पाहिलं. आणि अक्का हसायला लागली. पोटावर टाके घातलेल्या जागी हात धरून, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी वाहीपर्यंत हसली. हसण्याचं रडणं कधी झालं आणि रडण्याचं परत हसणं कधी, ते मला समजलं नाही. मग तिनं पदरानं दाजींचा चष्मा पुसला, त्यांच्या नाकावर बसवला आणि म्हणाली, "उठा. पोरं वरून खाली येऊन राहिली मोटारसायकलवर, बगतील."

त्यानंतरचा घाट अक्काच्या ताब्यात होता. तिनं पिशवीतून स्वेटर काढून अंगात घातला, माझ्या यजमानांना स्टिअरिंगवरून उठवून शेजारच्या सीटवर बसवलं, दाजींना मागं आपल्या शेजारी घेतलं, त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेऊन त्यावर शाल टाकली. चारचौघांत बायकोच्या बाजूच्या खुर्चीवरही न बसणारे दाजी मुकाट्यानं त्या शालीखाली गेले. "डोळे मिटा," अक्का म्हणाली. "रस्ता मी सांगते." मी गाडी सुरू केली. पहिलं वळण आलं.

"काय हाय?" शालीतून आवाज.

"काय न्हाई. गंजगोलाईला वळून राहिलो. समोर बांगड्यांची दुकानं हायती."

उजवीकडं कातळ, डावीकडं थेट ढगांत गेलेली दरी. मी दात आवळून गाडी वळवत होते आणि मागून अक्काचा आवाज येत होता, "आता भाजीवाले... आता कापडाची गल्ली... लई गर्दी हाय, म्हणून धाकली हळू चालवून राहिली." लातूरच्या त्या गोल बाजारपेठेत माणूस जितकं वळेल तितकं आम्ही त्या घाटात वळलो. एका वळणावर गाडी जरा जास्तच हेलकावली. शालीतून क्षीण आवाज आला, "गंजगोलाई येवढी मोठी कवा झाली गं?"

"तुमी रिटायर झाल्यावर वाढवली," अक्का म्हणाली.

वर पोचलो तेव्हा ढग रस्त्यावर उतरले होते. हॉटेलच्या खोलीत पाऊल टाकताच दाजींनी न्हाणीघरातला ठिपकता नळ ऐकला आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. तो दुरुस्त करून ते चहा आणणाऱ्या वेटरला म्हणाले, "तुमी मूळचे कुठले?" तो मेळघाटातलाच कोरकू आदिवासी होता, लातूरचं नावही त्यानं ऐकलं नव्हतं, पण संध्याकाळपर्यंत दाजी त्याच्या स्वयंपाकघरात बसून कुटकीचा, म्हणजे तिथल्या बारीक भरडधान्याचा, भात खात होते.

दुसरे दिवशी आम्ही पॉइंट बघायला गेलो. प्रत्येक ठिकाणी एकच प्रकार. अक्का कठड्याशी जाऊन उभी राहायची आणि दाजी पुरेसं अंतर ठेवून, दरीकडं पाठ करून, एखाद्या बाकावर बसायचे. तिनं सांगायचं आणि त्यांनी ऐकायचं. "लई खोल हाय बगा. पण हिरवंगार हाय. तळाला पाणी पांढरं दिसून राहिलं, ताकासारखं. अन् ढग आपल्या खाली हायती. खाली!" "बरं हाय," दाजी म्हणायचे. "आता सरक मागं." मी एक फोटो काढला आहे. त्यात अक्का दरी बघते आहे, पाठमोरी, मरून स्वेटरमध्ये. आणि दाजी अक्काकडं बघताहेत. दरीला पाठ करून तिच्याकडे बघायचं म्हणजे त्यांना मान अवघड वळवावी लागली असणार, पण तसं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मला जाग आली तेव्हा बाहेर माणसांचा आवाज येत होता. खिडकीतून पाहिलं तर दाजी आणि अक्का रस्त्यानं चालले होते. मी शाल घेऊन मागं गेले. हॉटेलच्या पलीकडेच एक छोटा पॉइंट होता, कठडा घातलेला. धुकं इतकं दाट, की कठड्याच्या पुढं काहीच नव्हतं. दरी नाही, झाडं नाहीत, खोली नाही. कुणीतरी पांढरी चादर टांगून ठेवावी तसं. मी एका झाडाजवळ थांबले. दाजी एकेक पाऊल टाकत, बायकोचं मनगट धरून, पुढं गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा कठड्याला हात लावून उभे राहिले.

"कायबी न्हाई की गं," ते आश्चर्यानं म्हणाले. "सपाटच हाय."

"हाव," अक्का म्हणाली. "सपाटच हाय."

दोघं तसेच उभे राहिले. दाजी तिला जळकोटच्या कुठल्याशा रस्त्याच्या कामाची हकिकत सांगायला लागले. त्या रस्त्यावर हिवाळ्यात असंच धुकं पडायचं म्हणे. अक्का ऐकत होती. मग वारा सुटला. धुकं एका कोपऱ्यात विरळ झालं आणि तिथून, खूप खोलवर, एक हिरवा तुकडा दिसला. नंतर दुसरा. अक्काच्या ते आधी लक्षात आलं. तिनं दाजींकडं पाहिलं. दाजींचं बोलणं थांबलं होतं. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता हे वळतील. पण ते वळले नाहीत. डोळे मिटून, तिचं मनगट धरून, तिथंच उभे राहिले.

"बग तू," ते म्हणाले. "पोटभर बगून घे. मी हाय."

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. उतरताना दाजी पुन्हा शालीखाली होते, आणि नंतर त्या दोघांचं कुठं जाणं झालं नाही. अक्काचे गुडघे फार दुखतात. लातूरहून नांदेडला यायचं म्हटलं तरी तिला वाटेत दोनदा उतरून पाय मोकळे करावे लागतात. डॉक्टर म्हणतात, लांबचा प्रवास आता नको. दाजी घरीच असतात. स्वयंपाकात मदत करतात, तिला जिना उतरवतात, गल्लीतल्या सगळ्यांचे नळ दुरुस्त करतात. पण श्रावण लागला की एका सकाळी त्यांचा फोन येतोच. हवापाण्याची चौकशी होते, मुलांची होते. पलीकडे अक्का कुणाशी तरी बोलत असल्याचं ऐकू येतं.

"धाकलीबाई," ते विचारतात, "पडलं असंल का वो तिकडं धुकं?"

"पडलं असेल, दाजी," मी म्हणते.

"हाव," ते म्हणतात. "पडलं असंल."